प्रश्नमंजूषेच्या निवड चाचणीचे बोलावणे आले आहे. तयारी कशी करावी आणि कुठे थांबावे?

मुलुंडची वाचक

सर्वांना नमस्कार. मी मुलुंडला राहते आणि गेली एकोणीस वर्षे एका सहकारी पतपेढीत नोकरी करते. दूरचित्रवाणीवरील सामान्यज्ञानाच्या मराठी स्पर्धेसाठी यंदा मी नोंदणीच्या प्रश्नांची उत्तरे पाठवली होती. मागच्या आठवड्यात दूरध्वनी आला, त्यावर आणखी काही प्रश्न विचारले गेले आणि आता निवड चाचणीसाठी गोरेगावला बोलावले आहे. हातात तेवीस दिवस आहेत.

ही ओढ मला वडिलांकडून आली. ते गिरगावातल्या एका छापखान्यात छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवत आणि दिवसभर जुळवलेला मजकूर रात्री जेवताना आम्हाला सांगत, त्यामुळे शाळेत न शिकवलेल्या कितीतरी गोष्टी आम्हा भावंडांना त्यांच्याकडूनच कळल्या. ३ जुलै २००० रोजी अमिताभ बच्चन यांनी 'कौन बनेगा करोडपती'चा पहिला भाग सादर केला, तेव्हा आमच्या चाळीतले निम्मे लोक आमच्याच खोलीत बसले होते. त्याच वर्षी हर्षवर्धन नवाथे हा मुंबईचा मराठी तरुण त्या कार्यक्रमाचा पहिला करोडपती झाला, त्या रात्री वडील मला म्हणाले होते की, तूही एकदा जाऊन ये. ते आता नाहीत, पण मला जायचे आहे.

माझा इतिहास, भूगोल आणि मराठी साहित्य बरे आहे. क्रिकेट सोडून इतर खेळ आणि अलीकडचा चित्रपट मात्र कच्चा आहे. तेवीस दिवसांत या कच्च्या बाजूंवर भर द्यावा की जे येते तेच पक्के करावे, हे ठरत नाही. दुसरी काळजी पैशाची आहे. मुलगी पुढच्या वर्षी अभियांत्रिकीला जाईल आणि घराचे हप्ते अजून चालू आहेत. चार-पाच लाख रुपये हातात आले असताना पुढच्या प्रश्नाला उत्तर द्यावे की खेळ सोडावा, हे त्या खुर्चीत बसून ठरवता येईल असे मला वाटत नाही. ते घरीच ठरवून जावे, अशी इच्छा आहे. ज्यांनी हा अनुभव घेतला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

परळचा स्पर्धक

ताई, मनःपूर्वक अभिनंदन. मी हिंदी कार्यक्रमात दहा स्पर्धकांपर्यंत पोहोचलो होतो, पण मुख्य खुर्चीपर्यंत गेलो नाही. त्यामुळे मी फक्त तिथवरच्या वाटेबद्दल अधिकाराने लिहू शकतो.

माझ्या वेळी निवड चाचणीत आधी लेखी प्रश्न होते आणि नंतर कॅमेऱ्यासमोर मुलाखत. लेखी भागाची चिंता करू नका. रोज वर्तमानपत्र वाचणाऱ्याला तो जड जात नाही. मुलाखतीत मात्र आपण कोण, इथे का आलो आणि पैसे मिळाले तर त्यांचे काय करणार, हे दोन मिनिटांत नीट सांगता यावे लागते, कारण शेवटी हा दूरचित्रवाणीचा कार्यक्रम आहे आणि घरी बसलेल्या प्रेक्षकाला स्पर्धकाबद्दल आपुलकी वाटली पाहिजे. आपण वडिलांच्या छापखान्याबद्दल वर जे लिहिले आहे, तेच तसेच्या तसे सांगा. त्यात काही वाढवू नका. बारीक चौकडीचे किंवा बारीक रेघांचे कपडे टाळा. कॅमेऱ्यात त्या रेघा थरथरताना दिसतात.

खरी अडचण पुढे, 'फास्टेस्ट फिंगर'च्या फेरीत येते. चार पर्याय ठरावीक क्रमाने लावायचे असतात आणि सर्वांत कमी वेळात बरोबर क्रम लावणारा खुर्चीत जातो. मला उत्तर येत होते, तरीही मी हरलो. घरी सराव करताना मी नावांचा क्रम मनात लावत होतो, पण तिथे नावे नव्हे तर अक्षरे दाबायची असतात. नाव आठवून त्याचे अक्षर शोधण्यात प्रत्येक पर्यायामागे क्षणभर वेळ जातो आणि तेवढ्यात दुसरे कोणीतरी पुढे गेलेले असते. म्हणून सराव पहिल्या दिवसापासून अक्षरांतच करावा. घरच्या कोणाला तरी चार चिठ्ठ्या उलटसुलट मांडायला सांगावे आणि आपण फक्त 'क, अ, ड, ब' असे बोटाने दाबत जावे.

चार गोष्टींचे एकूण चोवीस क्रम होऊ शकतात. त्यांतला पहिला आणि शेवटचा पर्याय पक्का झाला की दोनच क्रम उरतात, म्हणून नजर आधी दोन टोकांवर ठेवावी. शिवकाळातील घटना घेतल्या, तर सुरतेची पहिली लूट १६६४, पुरंदरचा तह १६६५, आग्र्याहून सुटका १६६६ आणि राज्याभिषेक १६७४. इथे लूट आणि राज्याभिषेक ही टोके लगेच सापडतात आणि मधल्या दोहोंत तहाशिवाय आग्र्याला जाणेच झाले नसते, एवढा कार्यकारणभाव लक्षात असला की साल आठवण्याचीही गरज पडत नाही. भारतरत्न मिळालेल्यांत महर्षी कर्वे १९५८, विनोबा १९८३, डॉ. आंबेडकर १९९० आणि लता मंगेशकर २००१, असा क्रम लावून पाहा. भायखळा, मशीद, परळ आणि सँडहर्स्ट रोड ही स्थानके दक्षिणेकडून उत्तरेकडे लावायला सांगितली, तर रोज त्याच गाडीने जाणारेही अडखळतात, हे मी कार्यालयात करून पाहिले आहे. असे शंभर-दीडशे संच स्वतः तयार करा. ते तयार करताना जे वाचाल, तीच निम्मी तयारी असेल.

एक व्यवहाराची गोष्ट. आपण मध्य रेल्वेच्या आणि गोरेगाव पश्चिम रेल्वेचे. दादरला गाडी बदलण्याचा वेळ धरून निघा आणि दिवस पावसाचे असतील तर तासभर हाताशी ठेवा.

विलेपार्ल्याचा गणितप्रेमी

कुठे थांबावे, या प्रश्नाचा काही भाग आकड्यांनी सुटतो, म्हणून लिहितो. रकमांची शिडी पर्वागणिक बदलत आली आहे, त्यामुळे आपल्या कार्यक्रमाची शिडी आधी समोर ठेवा. हिंदी कार्यक्रमात अनेक पर्वे वापरली गेलेली शिडी मी उदाहरणासाठी घेतो. तिच्यात पाचव्या प्रश्नाला १०,००० आणि दहाव्या प्रश्नाला ३,२०,००० हे सुरक्षित टप्पे होते. उत्तर चुकले तर स्पर्धक शेवटच्या सुरक्षित टप्प्यावर येत असे.

यातून पहिली गोष्ट निघते ती अशी की, दहावा प्रश्न जिंकल्यानंतर अकराव्याला कधीही खेळ सोडू नये. हातात ३,२०,००० आहेत आणि चुकलो तरी ३,२०,०००च राहणार आहेत, मग अगदी डोळे मिटून दिलेले उत्तरही फुकटच पडते. सहाव्या प्रश्नालाही हेच लागू आहे. तरीही तिथे घाबरून थांबलेले लोक मी पाहिले आहेत.

खरा निर्णय बाराव्या प्रश्नापासून सुरू होतो. हातात ६,४०,००० असताना १२,५०,०००च्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर ३,२०,००० जातात आणि बरोबर आले तर ६,१०,००० वाढतात. म्हणजे आपले उत्तर बरोबर असण्याची शक्यता साधारण ३४ टक्क्यांहून अधिक असेल, तर सरासरीच्या हिशेबाने खेळणे फायद्याचे ठरते. २५ लाखांच्या प्रश्नाला हा उंबरठा सुमारे ४३ टक्क्यांवर जातो, ५० लाखांना सुमारे ४७ आणि एक कोटीला सुमारे ४८ टक्क्यांवर. सात कोटींच्या प्रश्नाला मात्र तो एकदम १४ टक्क्यांवर उतरतो, कारण बक्षीस अचानक सातपट होते. चार पर्यायांत आंधळेपणाने एक निवडला तरी २५ टक्के शक्यता असते, म्हणजे निव्वळ सरासरी पाहिली तर एक कोटी हातात असलेल्याने काहीच येत नसतानाही उत्तर द्यावे, असे हे गणित सांगते. कोणत्याही नोकरदार माणसाने ते ऐकू नये. सरासरी ही हजार वेळा खेळणाऱ्यासाठी असते आणि आपण एकदाच खेळणार आहात.

चारांतले दोन चुकीचे पर्याय काढून टाकणाऱ्या 'फिफ्टी-फिफ्टी' या मदतीबद्दल एक सुचवतो. बहुतेक जण काहीच येत नसेल तेव्हा ती वापरतात. तेव्हा शक्यता २५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर जाते. पण दोन पर्याय चुकीचे आहेत याची खात्री असून उरलेल्या दोहोंत आपण अडकलो असू आणि काढून टाकले जाणारे पर्याय खरोखर चिठ्ठी टाकल्यासारखे निवडले जात असतील, तर आपल्याला छळणारा नेमका तोच चुकीचा पर्याय शिल्लक राहण्याची शक्यता तिनात एक असते. उरलेल्या दोन वेळा उत्तर उघड होते. म्हणजे ५० टक्क्यांवरून आपण सुमारे ८३ टक्क्यांवर जातो. ही मदत दोहोंतल्या पेचासाठी राखून ठेवावी, असे माझे मत आहे. प्रेक्षकांचा कौल मात्र लवकर वापरून टाकावा. चित्रपट, क्रिकेट, खाद्यपदार्थ अशा पुष्कळांनी पाहिलेल्या-चाखलेल्या गोष्टींत तो उत्तम चालतो, वरच्या प्रश्नांत त्याचा भरवसा उरत नाही. आपला चित्रपट कच्चा आहे, त्याला हेच औषध आहे.

गिरगावचा करसल्लागार

वरचा हिशेब बरोबर आहे, पण घरचे गणित मांडताना करानंतरची रक्कम धरावी, अशी विनंती आहे. अशा स्पर्धेत जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट प्राप्तिकर लागतो. आपला पगार कोणत्या टप्प्यात आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. मूळ करमुक्त मर्यादेचा लाभ या रकमेला मिळत नाही आणि प्रवास, कपडे, पुस्तके असा कोणताही खर्च त्यातून वजा करता येत नाही. त्या करावर ४ टक्के उपकर असतो, म्हणून प्रत्यक्ष भार ३१.२ टक्के होतो. एकूण उत्पन्न ५० लाखांच्या पुढे गेले तर अधिभारही येतो.

बक्षीस देणारी संस्था रक्कम देण्यापूर्वीच ३० टक्के कापून घेते, मात्र निवासी व्यक्तीच्या बाबतीत त्या कपातीत उपकर धरलेला नसतो. तो आपला आपण भरायचा असतो आणि इथेच पुष्कळांची चूक होते. ३,२०,००० जिंकले तर ९६,००० कापले जातील, नंतर उपकराचे ३,८४० आपण भरायचे आणि खऱ्या अर्थाने हाती २,२०,१६० राहतील. ६,४०,०००चे ४,४०,३२० होतात आणि १२,५०,०००चे ८,६०,०००. घराच्या हप्त्यांशी तुलना करायची ती या आकड्यांची. रक्कम १०,००० किंवा त्याहून कमी असेल तर कपात होत नाही, पण विवरणपत्रात ती दाखवावीच लागते.

शिवाजी पार्कचा निवृत्त शिक्षक

ताई, मी त्या खुर्चीत बसलेलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. पार्ल्याच्या मित्राने मांडलेल्या गणितात एक आकडा गृहीत धरलेला आहे, तो म्हणजे आपले उत्तर बरोबर असण्याची शक्यता. हा आकडा स्पर्धकाला कोणी सांगत नाही. तो स्वतःच्या मनातून काढावा लागतो आणि मन त्या वेळी खोटे बोलते. दिव्यांच्या प्रकाशात, समोर इतका मोठा माणूस बसलेला असताना, 'ठाऊक आहे' आणि 'कुठेतरी वाचल्यासारखे वाटते' यांत फरक करता येणे, हीच माझ्या मते या खेळाची खरी तयारी आहे. पुस्तके त्यानंतर येतात.

मी पस्तीस वर्षे इतिहास शिकवला आणि माझी समजूत अशी होती की मला काय येते हे मला ठाऊक आहे. जाण्यापूर्वी महिनाभर मी एक वही केली. रोज पुतणी मला वीस प्रश्न विचारत असे आणि प्रत्येक उत्तरापुढे मी 'पक्के', 'बहुतेक' किंवा 'अंदाज' असा शेरा लिहीत असे. बरोबर उत्तरे रात्री तपासायची, मधे पाहायची नाहीत, असा नियम होता. महिन्याअखेर बेरीज केली तेव्हा 'पक्के' म्हटलेल्या उत्तरांतही दहातले एक चुकलेले निघाले आणि ज्यांना मी 'बहुतेक' म्हटले होते, ती जेमतेम निम्मी बरोबर होती. 'अंदाज' या शेऱ्याची उत्तरे मात्र माझ्या अपेक्षेपेक्षा बरी निघाली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे विषयांनुसार चित्र वेगळे होते. इतिहासात, म्हणजे माझ्याच विषयात, माझा आत्मविश्वास सर्वांत फसवा होता, कारण तिथे मला प्रत्येक नाव ओळखीचे वाटत असे. विज्ञानात मी जेव्हा 'पक्के' लिहिले होते, तेव्हा ते खरोखर पक्के होते. आपला इतिहास आणि साहित्य बरे आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. कच्च्या विषयांत तेवीस दिवसांत फार भर पडणार नाही. चांगल्या विषयांत आपण कुठे फसतो, हे मात्र तेवीस दिवसांत नक्की कळते.

माझ्या खेळाबद्दल सांगायचे तर मी ६,४०,०००पर्यंत गेलो. पुढचा प्रश्न एका ऐतिहासिक तहाबद्दलचा होता, दोन पर्याय मी खात्रीने बाद केले होते आणि मदती संपल्या होत्या. गणिताने पाहिले तर निम्मी शक्यता होती आणि उंबरठा ३४ टक्क्यांचा होता, म्हणजे मी खेळायला हवे होते. मी खेळ सोडला. नंतर विचारल्यावर मी जो पर्याय सांगितला, तो बरोबर निघाला. घरी आल्यावर सहा महिने लोक मला हळहळून त्याबद्दल विचारत. पण त्या क्षणी ते उत्तर मला ठाऊक नव्हते. वहीतला 'बहुतेक' माझ्या डोळ्यांसमोर होता. पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठी जी रक्कम लागणार होती, ती करासकट मोजून मी घरून निघालो होतो आणि ती हातात आली होती. आपणही करसल्लागारांचे आकडे समोर ठेवून, यजमानांशी बोलून एक रक्कम लिहून ठेवा. तिच्याखाली धोका पत्करायचा आणि ती मिळाली की केवळ 'पक्के' असेल तरच पुढे जायचे, एवढे ठरले की खुर्चीत डोके मोकळे राहते.

आणखी एक. उत्तर कळले की लगेच ते बोलून टाकू नका. चारही पर्याय शेवटपर्यंत ऐका. तिसऱ्याच प्रश्नाला मी दुसरा पर्याय ऐकताच उत्तर देणार होतो आणि चौथा ऐकल्यावर कळले की प्रश्नात 'नव्हते' असा शब्द होता.

भांडुपची बहीण

खेळात अडल्यावर ज्याला फोन लावून उत्तर विचारता येते, त्या फोनवरच्या मित्राबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. माझ्या भावाने मला त्या यादीत ठेवले होते. एकूण तीस सेकंद मिळतात आणि आम्ही घरी मोजून पाहिले, तेव्हा पूर्ण प्रश्न आणि चार पर्याय वाचण्यातच पंधरा-सोळा सेकंद जात होते. मग आम्ही ठरवले की त्याने नमस्कार-चमत्कार न करता थेट प्रश्नाचा गाभा आणि चार नावे सांगायची, आणि मी उत्तरासोबत 'नक्की' किंवा 'नक्की नाही' एवढेच म्हणायचे. आठ-दहा वेळा सराव केल्यावर उत्तर सांगूनही बारा सेकंद उरू लागले. माणूस निवडताना त्याला किती येते यापेक्षा, येत नसेल तर तो पहिल्या पाच सेकंदांत तसे सांगतो का, ते पाहा. आमचे काका अतिशय विद्वान आहेत, पण त्यांना 'ठाऊक नाही' म्हणणे जमत नाही. त्यांना आम्ही यादीत घेतले नाही.

आणि कृपया सावध राहा. या कार्यक्रमांच्या नावाने लॉटरी लागल्याचे खोटे संदेश व्हॉट्सॲपवर फिरत असतात आणि कर किंवा नोंदणीशुल्क म्हणून आधी पैसे मागितले जातात. निवड चाचणीसाठी पैसे भरायचे नसतात. कोणी मागितलेच, तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर लगेच कळवा.

मुलुंडची वाचक

आपण सर्वांनी एवढा वेळ देऊन लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. सरांचा प्रतिसाद मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवला. आम्ही दोघांनी बसून मुलीच्या पहिल्या वर्षाचे शुल्क आणि सहा महिन्यांचे हप्ते यांची बेरीज केली. ती ४,१०,०००च्या आसपास आली, म्हणजे करानंतर ६,४०,०००चा टप्पा आम्हाला पुरतो. तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे.

काल रात्रीपासून वीस प्रश्नांचा नेम सुरू केला. मुलगी प्रश्न विचारते. पहिल्याच दिवशी मराठी साहित्यातल्या सहा उत्तरांपुढे मी 'पक्के' लिहिले होते, त्यांतली दोन चुकली. फोनसाठी भावाला विचारणार आहे. तो जहाजावर नोकरीला असतो, तरी चित्रीकरणाच्या सुमारास किनाऱ्यावर असेल असे म्हणतो. परळच्या दादांना एक विनंती आहे की त्यांनी तयार केलेल्या संचांपैकी खेळांचे काही असतील तर इथे द्यावेत. मी माझे इतिहासाचे तीस संच रविवारपर्यंत याच ठिकाणी लिहिते. चुका आढळल्या तर निःसंकोच सांगाव्यात.